उरलेल्या लुकणाची राखण

सांधे बुजवण्याचा मसाला लावल्यावर घट्ट व्हावा लागतो आणि उरलेला मात्र मऊच राहावा लागतो. या दोन्ही गरजा सांभाळण्याचे उपाय काळानुसार बदलत गेले, कारण प्रत्येक मसाला वेगळ्या कारणाने घट्ट होतो.

यांतला फार जुना मसाला म्हणजे चुना. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो. पाण्याखाली ठेवल्यास तो वर्षानुवर्षे मऊ राहतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने नोंदवले आहे की, तीन वर्षे न मुरलेला चुना वापरण्यास जुन्या बांधकाम-नियमांनी मनाई केली होती. पानाच्या डबीतला चुना सुकू नये म्हणून त्यावर पाण्याचे थेंब टाकण्याची महाराष्ट्रातली सवयही याच जातीची.

खिडकीच्या काचा बसवण्याचे लुकण खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून होई. हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते. म्हणून उरलेला गोळा कारागीर पाण्यात बुडवून ठेवत. वर साय धरली तर ती काढून टाकत आणि आतला भाग थोडे तेल घालून पुन्हा मळत.

चित्रकारांच्या तैलरंगातही हेच तेल असे. युरोपात तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून विकला जाई. टोकदार खिळ्याने छिद्र पाडून रंग पिळायचा आणि तोच खिळा बूच म्हणून खोचायचा, अशी रीत होती. छिद्र नीट बंद होत नसे, पिशवीही फुटे. न्यू हॅम्पशायरचा चित्रकार जॉन गॉफ रँड लंडनमध्ये राहत असताना त्याने यावर टिनची चेपता येणारी नळी काढली. अमेरिकेत तिचे पेटंट 11 सप्टेंबर 1841 रोजी मिळाले. दाबलेली नळी चेपलेलीच राही. त्यामुळे रंगाच्या रिकाम्या झालेल्या जागी हवा शिरत नसे. पुढे तिला फिरकीचे झाकण आले आणि 1890च्या दशकात टूथपेस्टही अशाच नळीत आली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉन सीलंट प्लास्टिकच्या कडक नळकांड्यातून गनने दाबून लावले जाऊ लागले. एका घटकाचे सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने घट्ट होते. त्याच्या एका प्रकाराला त्या वेळी व्हिनेगरसारखा वास येतो. इथे पाण्याखाली ठेवण्याचा जुना उपाय उलटतो, कारण पाणीच त्याला घट्ट करते. म्हणून तोंडात लांब खिळा किंवा स्क्रू खोचून वरून टेप गुंडाळतात आणि नळकांडे कोरड्या, थंड जागी ठेवतात. तोंडाशी घट्ट झालेला खडा खिळ्यासोबत उपटून निघतो आणि मागचा माल बहुधा मऊ सापडतो. अॅक्रिलिक सीलंट मात्र त्यातले पाणी उडाल्याने सुकते, म्हणून त्याचे तोंड बंद ठेवणे आणि ते गोठू न देणे महत्त्वाचे. प्लास्टिकमधूनही दमटपणा सावकाश आत झिरपतो. त्यामुळे चांगले बंद केलेले सिलिकॉनही कायमचे टिकत नाही.