परवान्यासाठी अडलेला यात्रिक

ह्युएन त्संगाचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पुलकेशीच्या महाराष्ट्राविषयी त्याने लिहिले, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो. त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी चीनमध्ये गेलेला जपानी भिक्षू एन्निन मात्र बहुधा परका. त्याची रोजनिशी एडविन रायशॉअर यांनी १९५५ साली इंग्रजीत आणली. ती वाचताना वाटते, हा गृहस्थ धर्मग्रंथ शोधायला गेला खरा, पण त्याची निम्मी शाई अर्ज लिहिण्यातच संपली!

इ. स. ८३८ मध्ये तो जपानी राजदूताबरोबर तांग साम्राज्यात उतरला. वय चाळिशीपलीकडचे, दर्जा अल्प मुदतीच्या अभ्यासकाचा. म्हणजे राजदूताबरोबर यायचे आणि त्याच्याबरोबरच परतायचे. सोबतचा एन्साई दीर्घ मुदतीचा विद्यार्थी. त्याला तिएनताई पर्वतावर जायची परवानगी मिळाली. एन्निनला नकार आला: राजदूत लवकरच परतणार, तुम्हाला जाऊन यायला वेळ कुठला? दप्तराच्या दृष्टीने उत्तर अगदी चोख, बरं का!

८३९ मध्ये परतीच्या वाटेवर तो दोन शिष्य व एक सेवक घेऊन किनाऱ्यावर मागे राहिला. आम्ही सिल्लाचे, म्हणजे कोरियाचे भिक्षू, अशी थाप मारली. गावकरी काय खुळे होते? तुमची बोली कोरियाची नाही आणि चिनीही नाही, म्हणून त्यांनी चौघांना अधिकाऱ्यांच्या हवाली केले. पुन्हा जहाज! भिक्षू खोटे बोलला याचे मला नवल नाही. त्याने ते रोजनिशीत टिपून ठेवले, याचे वाटते.

पुढे शांतुंगच्या किनाऱ्यावर कोरियन लोकांचा एक विहार लागला. तिथे तो उतरला आणि या वेळी जहाजे त्याच्याशिवाय निघून गेली. तालुक्याच्या कचेरीने खडसावले, परदेशी माणसे आहेत हे कळवले का नाही? एन्निनने लेखी जबाब दिला, तिथेच हिवाळा काढला, आणि कोरियन वसाहतीच्या अधिकाऱ्याला मध्ये घालून पुन्हा अर्ज केला. तालुका, जिल्हा, मग प्रांत, असा कागद वर सरकत गेला आणि ८४० साली परवाना हाती पडला. वूताई पर्वताची यात्रा करून तो राजधानी चांगआनला पोचला.

आता गंमत पाहा. ८४१ पासून तो घरी जाऊ द्या म्हणून विनवू लागला. शंभरावर अर्ज केले, असे तो स्वतःच सांगतो. परवानगी नाही! दरम्यान सम्राट वूत्सुंगने बौद्ध विहारांवर घाला घातला. ८४३ मध्ये एक शिष्य तिथेच वारला. ८४५ मध्ये हुकूम सुटला, की ज्या परदेशी भिक्षूंपाशी धर्मखात्याचा दाखला नाही त्यांची चीवरे उतरवा आणि त्यांना मायदेशी धाडा. एन्निनपाशी तो दाखला नव्हता. सुटला बिचारा! गृहस्थाच्या वेशात तो निघाला, ८४७ मध्ये जपानला पोचला आणि ८५४ मध्ये तेंदाई पंथाचा प्रमुख झाला.

आणि तो रीतसर परवानगीचा एन्साई? तो चीनमध्ये जवळजवळ चाळीस वर्षे राहिला. ८७७ मध्ये परत येताना त्याचे जहाज समुद्रात बुडाले.