केडगावची साक्ष

ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात ‘साक्ष देणे’ हा शब्द वारंवार येतो. आपल्याला साक्ष म्हटली की कोर्ट आठवते, साक्षीदाराचा पिंजरा आठवतो. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि त्यांच्याविषयीचा आपला जुना गोंधळ बराचसा तिथूनच सुरू होतो, असे मला वाटते.

त्यांची पहिली मोठी साक्ष ख्रिस्ती नव्हेच. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे निक्षून सांगितले. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या हिंदू विधवा होत्या. बाप्तिस्मा पुढल्या वर्षी, इंग्लंडात वाँटेज येथे झाला. कळवळा आधीचा, धर्म नंतरचा. हा क्रम आपण सोयीस्करपणे विसरतो. बरे, धर्म घेतला तोही मान खाली घालून नव्हे. ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीही बाईंनी धर्ममतांवरून पत्रापत्री वाद घातला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पैसा अमेरिकेतल्या मित्रमंडळाचा. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. कोणालाही धर्म शिकवायचा नाही, असा करार होता. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचाच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. आणि त्याच वर्षी पुण्यात वादळ उठले. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

हे उघडे दार मला फार दिवस छळीत आले आहे. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाचे नाव घ्यायला बंदी कशी करणार? पण जिच्या ताटात आपण अन्न वाढतो, जिला दुसरे घर नाही, अशी पोर त्या दारातून आत येते तेव्हा ती सर्वस्वी स्वखुशीने येते, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? टिळकांचा संशय केवळ सनातनीपणाचा नव्हता. मात्र संशय घेणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घरातली केशवपन केलेली मुलगी शाळेत धाडली होती, हेही विचारलेच पाहिजे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, ते या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर होते.

बाईंनी मात्र मधला मार्ग सोडला. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईबाप आणि बहीण त्यांनी अशाच उपासमारीत गमावली होती. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. हे ‘मुक्ती’ उघडउघड ख्रिस्ती होते, करार-बिरार काही नाही. १८९७ साली सरकारी प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांविषयी त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. ते प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने तक्रार फेटाळली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतलेल्या बाईने राज्यकर्त्यांविरुद्ध दिलेली ही साक्ष आपल्याकडे क्वचितच आठवली जाते.

गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, दूधदुभते, आंधळ्या बायकांना ब्रेल, फसवल्या गेलेल्यांसाठी वेगळे कृपासदन. आणि छापखाना. बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवायला घेतले, ते खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले होते.