हवेच्या हिशेबाची दोनशे वर्षे

१९७५ साली दामोदरच्या खोऱ्यातील या गावी मोजक्या मराठी कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्या मंडळाची स्थापना केली. त्या घटनेस आता पन्नास वर्षे पूर्ण झाली. भाषा निराळी, हवा निराळी, जेवणही निराळे, अशा या मुलुखात आम्हांस आणले ते कोळशाने. कोणी खाणीत नोकरीस लागला, कोणी पोलादाच्या कारखान्यात, तर कोणी औष्णिक वीज केंद्रात. आमच्या मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली, गावाकडची घरे दुरुस्त झाली आणि मंडळाच्या गणपतीची वर्गणीही कधी थकली नाही. या साऱ्याच्या मुळाशी कोळसा आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मंडळाचा इतिहास या स्मरणिकेत अन्यत्र आला आहे. ज्या कोळशाने आम्हांस पोसले त्याच्या धुराचे पुढे काय होते, हे मनुष्यास कसकसे उमगत गेले, त्याची हकिकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ही हकिकत दोनशे वर्षांची आहे आणि तिच्यातील शेवटची पन्नास वर्षे आमचीच आहेत.

आरंभीच्या दिवसांत घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटत. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काजळी बसे, आणि आमच्या भगिनींचा सारा राग त्या काजळीवर असे. परंतु काजळी ही धुराचा केवळ दिसणारा भाग होय. ती पावसाने धुऊन जाते. कोळसा म्हणजे मुख्यत्वे कार्बन. तो जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि एक किलो कार्बनापासून सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साईड तयार होतो. या वायूस रंग नाही, वास नाही आणि तो कपड्यांवर डागही पाडीत नाही. त्याचा काही अंश समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. उरलेला शतकानुशतके वातावरणात राहतो. म्हणूनच त्याचा हिशेब लागण्यास इतका काळ लागला.

या हिशेबाचा पहिला प्रश्न जोझेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने मांडला. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीत तो इजिप्तला गेलेला होता. सूर्याची उष्णता पृथ्वीवर सतत येत असते. मग पृथ्वी तापत तापत जात का नाही, आणि रात्री सारी उष्णता अवकाशात निघून जाऊन ती गोठत का नाही, असा त्याचा विचार चालला होता. १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने असे प्रतिपादिले की, सूर्याचा प्रकाश हवेतून सहज आत येतो, परंतु तापलेल्या जमिनीतून निघणाऱ्या अदृश्य उष्णतेस तीच हवा अडथळा करते. पुढे या क्रियेस ‘हरितगृह परिणाम’ असे नाव पडले. काचेचे हरितगृह उबदार राहते ते मुख्यतः आतली तापलेली हवा कोंडली गेल्यामुळे. त्यामुळे हे नाव काटेकोरपणे पाहता तितकेसे बरोबर नाही, पण ते रूढ झाले आहे. हा परिणाम मुळात वाईट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस राहिले असते, आणि ही स्मरणिका काढण्यास कोणी उरलेच नसते.

हवेतील नेमका कोणता घटक ही उष्णता अडवितो, हा दुसरा प्रश्न. येथे एका विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. युनिस फूट या अमेरिकन स्त्रीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि आत उष्णतामापके बसविली. साध्या हवेच्या नळकांड्यात पारा १०६ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढला, कार्बन डायऑक्साईडच्या नळकांड्यात मात्र १२५ पर्यंत. या वायूचे प्रमाण एखाद्या काळी अधिक असते तर पृथ्वी अधिक उष्ण झाली असती, असा निष्कर्ष तिने काढला. १८५६ च्या ऑगस्टात अमेरिकन शास्त्रज्ञांच्या संमेलनात हा निबंध तिच्या वतीने जोझेफ हेन्री या शास्त्रज्ञाने वाचून दाखविला. त्यानंतर तिचे नाव जवळजवळ दीडशे वर्षे विस्मृतीत गेले.

फूटबाईंच्या प्रयोगात सूर्याची उष्णता आणि जमिनीची उष्णता वेगळी काढलेली नव्हती. ते काम १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल या आयरिश शास्त्रज्ञाने केले. एका लांब नळीत वायू भरून त्यातून उष्णतेचे किरण सोडावयाचे आणि पलीकडे किती पोहोचतात ते सूक्ष्म उपकरणाने मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. त्यास असे दिसले की, हवेचे नव्याण्णव टक्के ज्यांनी व्यापले आहेत ते नत्रवायू आणि प्राणवायू या उष्णतेस मुळीच आडकाठी करीत नाहीत. आडकाठी करतात ते अत्यल्प प्रमाणात असलेले बाष्प, कार्बन डायऑक्साईड यांसारखे वायू. विस्तीर्ण शेताची राखण चार-दोन राखणदारांनी करावी, तसाच हा प्रकार आहे.

येथे आपल्या खोऱ्याकडे क्षणभर वळू. राणीगंज येथे कोळसा काढण्यास १७७४ सालीच आरंभ झाला होता. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये धावली हे प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असते. परंतु दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, हावड्याहून लोहमार्ग राणीगंजपर्यंत आला तो या कोळशासाठी, हे येथे राहणाऱ्यांनीही स्मरणात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी फूटबाईंचा निबंध वाचला गेला. कोळसा अधिक वेगाने वर काढण्याचे साधन आणि त्याचा परिणाम कळण्याचे साधन ही दोन्ही अशी पाठोपाठच जन्मास आली. मात्र पहिल्याची वाढ फार झपाट्याने झाली.

तिसरा टप्पा आकडेमोडीचा. स्वीडनमधील स्वांटे अऱ्हेनियस याने १८९६ साली हजारो गणिते हातांनी करून असा अंदाज बांधला की, हवेतील कार्बन डायऑक्साईड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. आजच्या शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे ३ अंशांचा आहे. संगणकाविना केलेले ते गणित उत्तराच्या किती जवळ गेले होते, हे पाहून विस्मय वाटतो. मात्र कोळसा जाळून हे प्रमाण दुप्पट होण्यास हजारो वर्षे लागतील, असे तेव्हा मानले जाई. आणि थंड देशात राहणाऱ्या अऱ्हेनियसला थोडी ऊब वाढण्यात लाभच दिसत होता. गणित बरोबर होते, चुकला तो मनुष्याच्या भुकेचा अंदाज.

पुढे कित्येक वर्षे हा विषय मागे पडला. समुद्र सारा वायू गिळून टाकील, अशी विद्वानांची समजूत होती. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंग्रज गृहस्थांनी लंडनच्या हवामानशास्त्रज्ञांपुढे एक निबंध वाचला. ते हवामानशास्त्रज्ञ नव्हते, तर वाफेच्या शास्त्रातले इंजिनियर होते. म्हणजे आमच्यापैकी अनेकांचे समव्यवसायी. जगभरच्या वेधशाळांच्या जुन्या नोंदी जुळवून त्यांनी दाखविले की, मागील पन्नास वर्षांत पृथ्वी सुमारे पाव अंशाने तापली आहे आणि हवेतील कार्बन डायऑक्साईडही वाढला आहे. सभेतील तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. परंतु १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी समुद्राची शोषणशक्ती मर्यादित असल्याचे दाखविले. कोट्यवधी वर्षे जमिनीत पडलेल्या कोळशात किरणोत्सारी कार्बन शिल्लक राहत नाही. या खुणेवरून झाडांच्या वार्षिक वलयांत कोळशातून आलेल्या कार्बनाचा माग झ्यूस यांनी आधीच काढला होता. वायू कोठून आला याविषयीचा पुरावा अशा रीतीने झाडांनीच जपून ठेवला होता.

आता उरले ते रोज मोजण्याचे काम. हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ च्या मार्च महिन्यात मोजणी सुरू केली. पहिला आकडा आला दशलक्ष भागांत सुमारे ३१३ भाग. उत्तर गोलार्धात पालवी फुटली की आकडा उतरतो, पानगळ झाली की चढतो, असे त्यांना आढळले. जणू पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते. पण प्रत्येक वर्षीचा श्वास आदल्या वर्षाहून वरच्या पायरीवर असे. १९६४ साली पैशांअभावी ही मोजणी काही काळ बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि कीलिंग २००५ मध्ये निवर्तल्यावरही ती चालूच राहिली. मंडळाची जमाखर्चाची वही ज्यांनी वर्षानुवर्षे लिहिली आहे, त्यांस या चिकाटीचे मोल निराळे सांगावयास नको.

आपले मंडळ स्थापन झाले ते १९७५ साल या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी मदुराईत जन्मलेले वीरभद्रन रामनाथन यांनी दाखवून दिले की, शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा एक रेणू कार्बन डायऑक्साईडच्या दहा हजारांहून अधिक रेणूंइतकी उष्णता अडवू शकतो. संशोधनाकडे वळण्यापूर्वी हे गृहस्थ सिकंदराबादच्या एका शीतकपाटांच्या कारखान्यात तरुण इंजिनियर होते आणि यंत्रांतून हे वायू का गळतात, ते शोधणे हे त्यांचे काम होते. राखणदार एकटा नाही, त्याचे इतरही साथीदार आहेत, हे अशा रीतीने स्पष्ट झाले. गुरांच्या आणि भातखाचरांच्या द्वारे हवेत जाणारा मिथेन हाही त्यांतलाच एक होय.

त्यानंतरच्या घटना बहुतेकांच्या स्मरणात असतील. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने हवामानबदलाविषयीचे आंतरसरकारी मंडळ स्थापन झाले, १९९२ मध्ये रिओ येथे, १९९७ मध्ये क्योतो येथे आणि २०१५ मध्ये पॅरिस येथे करार झाले. महाराष्ट्राचाही या कामाशी जुना संबंध आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यास गेले, आणि ते तेथून पुढे दिल्लीस हलले असले तरी पुण्याचा या शास्त्राशी असलेला संबंध सुटला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये सिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि उष्णकटिबंधातील हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने तापला. ज्या सागरावरून आपला पाऊस येतो, त्याच सागराची ही गोष्ट आहे.

आता आमचा जमाखर्च. यंत्रयुगापूर्वी हवेत दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साईड होता. मंडळ स्थापन झाले तेव्हा तो ३३१ होता, आणि २०२४ साली ४२४ च्या वर गेला. म्हणजे मनुष्याने आजवर केलेल्या एकूण वाढीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाढ आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत झाली. तिचा सारा दोष या खोऱ्यावर येत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खनिज इंधनांच्या आजवरच्या उत्सर्गात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. जगाच्या लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाहून अधिक लोक असलेल्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. आमच्या कोळशाने खेड्यापाड्यांत दिवे लावले, आणि ज्यांच्या घरी दिवा नव्हता त्यांना तो मिळाला याचा खेद आम्ही करावा असे कोणी म्हणणार नाही. पण आज वार्षिक उत्सर्गात भारताचा क्रम जगात तिसरा आहे, देशाची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अद्याप कोळशावर होते, आणि हवेला कोणाचा वाटा किती, हे कळत नाही. ती केवळ बेरीज करते.

२०७० पर्यंत उत्सर्ग निव्वळ शून्यावर आणण्याचे भारताने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. तो दिवस येईल तेव्हा या खोऱ्यातील खाणींचे काय होईल, हा प्रश्न आमच्या नातवंडांपुढे आणि त्याहून अधिक या मातीच्या मूळ रहिवाशांपुढे उभा आहे. आम्ही नोकरी संपवून गावी परत जाऊ शकतो. ते कोठे जाणार? कोळशाने ज्यांचे पोट भरले त्यांचे पोट पुढेही भरावे आणि तरी आकाशाच्या वहीतला आकडा थांबावा, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील. ती आमच्या हातून झाली नाहीत, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

फूरियेपासून कीलिंगपर्यंत या सर्वांनी आपापल्या वेळी प्रामाणिकपणे एकेक आकडा मांडला. त्याचे फळ पाहण्यास त्यांतील बहुतेक राहिले नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात आम्हीही आमचा आकडा मांडून ठेवीत आहोत. हीरक महोत्सवाची स्मरणिका जे लिहितील, त्यांनी तो आपल्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहावा, एवढीच त्यांस विनंती आहे.