झरीच्या पत्त्यातला हरवलेला 'ऐन'

'मौजे झरी, तालुका परभणी, जिल्हा परभणी.' जमिनीच्या कागदोपत्री ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात आहे. तीतील मौजे, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. तिन्हींत 'ऐन' हे घशातून उच्चारले जाणारे व्यंजन होते. मराठीत ते एकातही उरलेले नाही.

व्यंजन गेले, तरी बहुधा खूण राहिली. 'तअल्लुका'तील ऐन लोपला आणि आधीचा स्वर दीर्घ होऊन 'तालुका' झाला. 'जिल्हा' या शब्दात ऐनाच्या जागी हकार दिसतो. 'कलआ'पासून झालेल्या 'किल्ला'त लकाराचे द्वित्व दिसते. 'मौजे'तील अंत्य ऐन मात्र मागमूस न ठेवता विरला.

ही झीज एकट्या मराठीने केलेली नाही. हे शब्द दख्खनच्या राज्यकारभारात फारसीच्या वाटेने आले आणि फारसी उच्चारात ऐन आधीच मवाळ झालेला होता. खुद्द अरबीच्या घरातही हेच घडले. कैरोच्या बोलीत 'काफ' हे पडजिभेजवळचे व्यंजन क्षीण होऊन कंठातील नुसता अटकाव उरला. 'कल्ब' (हृदय) तेथे 'अल्ब' होते. अरबीच्या एका बोलीतून निपजलेल्या माल्टी भाषेत ऐन उच्चारातून गेला, पण लेखनात त्याची जागा अजून राखलेली आहे. आपल्या शेजारच्या दखनीत काफचा 'ख' होतो: काजी 'खाजी' होतो, 'कबर' आणि 'खबर' यांचा उच्चार एक होतो. मराठीने 'क' पत्करल्यामुळे हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे राहिले.

आता जरा आपल्या घरात पाहू. देवकुल–देऊळ, राजकुल–राऊळ, कुंभकार–कुंभार: स्वरांमधील व्यंजने विरण्याची ही प्रक्रिया प्राकृतातली. झ्यूल ब्लोक यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठीच्या घडणीचा असाच नियमबद्ध मागोवा घेतला. संस्कृत शब्द झिजला की आपण त्याला आदराने 'तद्भव' म्हणतो. अरबी शब्द झिजला की 'अपभ्रष्ट'. एकाच व्यापाराला दोन नावे का?

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही, वर्गातलाही आहे. खेड्यातून आलेला विद्यार्थी 'पानी' म्हणाला की आपण 'पाणी' असे दुरुस्त करतो. मूळ संस्कृत शब्द 'पानीय' आहे; नकाराचा णकार झाला तो आपल्या 'शुद्ध' रूपात. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. परंतु बोलीला भ्रष्ट ठरवण्याचा अधिकार भाषेचा इतिहास आपल्याला देत नाही.