किरचॉफचा छेद आणि कुंभकोणमचे रामानुजन

तीन तारा घ्या. पहिलीत 12 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहमचा रोध, दुसरीत 6 व्होल्टची बॅटरी आणि 3 ओहम, तिसरीत नुसता 6 ओहमचा रोध. तिन्हींची वरची टोकं एकत्र जोडा, खालची एकत्र, बॅटऱ्यांचे धन ध्रुव वर. वरच्या सांध्याचं व्होल्टेज किती? सांध्यात आला तेवढा प्रवाह बाहेर पडतो आणि बंद फेऱ्यात व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य होते, हे किरचॉफचे दोन नियम लावले की उत्तर येतं 8 व्होल्ट. 6 व्होल्टच्या बॅटरीत तर उलटा प्रवाह शिरतो.

एवढं बारावीत होतं. मला सांगायची ती कुळकथा सुरू होते हे उत्तर देणाऱ्या भागाकाराच्या छेदापासून.

किरचॉफने नियम मांडले 1845 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, कोनिग्सबर्गला शिकत असताना. 1847 च्या लेखात तो पुढे गेला: समीकरणं न सोडवता उत्तर थेट लिहायचं. आपल्या जोडणीतले सगळे फेरे मोडायला दोन तारा काढाव्या लागतात. काढलेल्या तारांच्या रोधांचा गुणाकार करा. पहिली तार उरली तर 3 × 6 = 18, दुसरी उरली तर 2 × 6 = 12, तिसरी उरली तर 2 × 3 = 6. बेरीज 36, हा छेद. अंशात उरलेल्या तारेतल्या बॅटरीचे व्होल्ट: 12 × 18 आणि 6 × 12, मिळून 288. भागा, 8 व्होल्ट! फेरा नसलेला, तरी सगळे सांधे धरून ठेवणारा जो सांगाडा उरतो, त्याला गणितात पुढे ‘वृक्ष’ म्हणू लागले. व्होल्टेज काढणं म्हणजे मुळात वृक्ष मोजणं.

अशा सांध्या-तारांच्या जाळ्यांचा अभ्यास म्हणजे आलेखशास्त्र. त्याचा मूळपुरुष म्हणून गणिती ऑयलरचं नाव घेतात. 1736 मध्ये त्याने याच कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवलं होतं. मला ते अर्धंच पटतं. पुलांच्या कोड्यात सम-विषम एवढंच पाहायचं असतं, सगळे पूल सारखेच. कोणता दुवा किती मोलाचा, हा आजच्या जाळ्यांचा प्रश्न किरचॉफच्या घरातला आहे. अर्थात त्या गावात वाढलेल्या मुलाच्या कानावर पुलांची गोष्ट गेली असणारच.

आणि हे घराणं कुंभकोणमला येऊन भिडतं. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर वाढलेले, टाउन हायस्कूलमध्ये शिकलेले गणिती रामानुजन यांनी 1916 मध्ये केंब्रिजहून एक अटकळ मांडली. ती शुद्ध संख्या-सिद्धांतातली. गणिती देलिन्यने 1974 मध्ये ती सिद्ध केली. 1988 मध्ये लुबोट्स्की, फिलिप्स आणि सारनाक यांनी थोड्या तारांत घट्ट बांधलेली जाळी रचली. प्रत्येक सांध्याला d तारा असतील, तर त्या जाळ्याच्या घट्टपणाची एक कसोटी आहे 2√(d−1). ती पार करण्यासाठी त्यांनी रामानुजन यांच्या अटकळीच्या व्यापक रूपाचा आधार घेतला, म्हणून नाव पडलं ‘रामानुजन आलेख’.

यावर आक्षेप असा, की रामानुजन यांनी कधी विजेच्या मंडलाला हात लावला नाही, तेव्हा हे नातं नावापुरतं. मला तो मान्य नाही. 2008 मध्ये डॅनियल स्पीलमन आणि निखिल श्रीवास्तव यांनी प्रचंड जाळी विरळ करायची युक्ती काढली: प्रत्येक दुवा हा रोध समजा, त्याच्या दोन टोकांमधला परिणामी रोध काढा आणि त्यावरून त्या दुव्याचं मोल ठरवा. पुढच्याच वर्षी जोशुआ बॅटसनसह त्यांनी विरळ जाळ्याचा कस लावला तो रामानुजन आलेखाशी ताडून. मग 2013 मध्ये अ‍ॅडम मार्कस यांच्यासह स्पीलमन-श्रीवास्तव यांनी दाखवलं, की सांध्यांचे दोन गट पाडून बांधलेले रामानुजन आलेख 3 पासून पुढच्या प्रत्येक d साठी असतात.

ते मोल आपल्या तीन तारांत मोजून पाहा. तिन्ही रोध समांतर, म्हणून परिणामी रोध नेमका 1 ओहम. त्याला तारेच्या स्वतःच्या रोधाने भागलं की मोल मिळतं: 1/2, 1/3, 1/6. म्हणजेच 18/36, 12/36, 6/36. किरचॉफच्या छेदातले तेच तीन गुणाकार.