वऱ्हाडातील हातकताई : गरज, व्रत आणि विरंगुळा
(सुलतानपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप)

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे घाटावरच्या वऱ्हाडातील गाव होय. अजिंठ्याच्या डोंगररांगेने वऱ्हाडचे दोन नैसर्गिक भाग पाडले आहेत. उत्तरेकडील पूर्णा नदीच्या खोऱ्याला पायनघाट, तर दक्षिणेकडील पठाराला बालाघाट असे म्हणतात. मेहकर, लोणार आणि सुलतानपूर हा परिसर बालाघाटात मोडतो. काळी जमीन आणि कापूस ही वऱ्हाडची ओळख येथेही आहे. कापसाचा इतिहास मात्र बहुधा पेरा, भाव, गाठी आणि कर्ज यांच्या आकड्यांतूनच लिहिला गेला. बोंडापासून धाग्यापर्यंतचा जो प्रवास एकेकाळी घराच्या ओसरीवर पूर्ण होत असे, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

आज सूतकताई, लोकरीचे विणकाम आणि क्रोशाकाम यांकडे मनाला विसावा देणारा वैयक्तिक छंद म्हणून पाहिले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी स्त्रीला ही कल्पना कदाचित विचित्र वाटली असती. तिच्यासाठी कताई हे दिवसाच्या अनेक कामांपैकी एक काम होते. पुढे राष्ट्रीय चळवळीत हीच कताई व्रत बनली आणि अखेरीस विरंगुळ्याच्या रूपात उरली. क्रिया तीच आणि हातांची हालचालही तीच. असे असताना एका काळातील कष्ट दुसऱ्या काळात विश्रांती कसे ठरतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

घरातील सूत आणि त्याचा ऱ्हास

हातकताईची प्रक्रिया वरवर साधी दिसते. वेचून आणलेल्या कापसातून प्रथम सरकी काढावी लागते. नंतर रुई पिंजून तिचे तंतू मोकळे करावे लागतात आणि त्यांचे लांबट, हलके पेळू वळावे लागतात. एका हाताने चरखा फिरवीत दुसऱ्या हाताने पेळूतून तंतू ओढला की चातीच्या फिरण्याने त्याला पीळ बसतो व सूत तयार होते. ओढ आणि पीळ यांचा मेळ जमला तर सूत एकसारखे उतरते. तो बिघडला तर धागा जाड-बारीक होतो किंवा तुटतो. हा मेळ डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळतो. म्हणूनच सरावलेल्या हातांनी कातताना मन बोलण्यास, गाण्यास किंवा नुसते स्वस्थ राहण्यास मोकळे असते.

विणकाम हा विशिष्ट समाजांचा व्यवसाय होता. मेहकर येथील कोष्टी व मोमीन विणकरांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरने घेतली आहे. विदर्भातील महार समाजातील अनेक कुटुंबे सूत कातून जाडेभरडे कापड विणीत असत. कताई मात्र एखाद्या जातीपुरती मर्यादित नव्हती. शेत, चूल आणि मुले यांच्यामधील वेळात विविध समाजांतील स्त्रिया सूत कातीत. विणकराच्या मागामागे अशा असंख्य स्त्रियांचे श्रम उभे होते.

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडली. १८५३ च्या करारान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला आणि खामगाव देशातील प्रमुख कापूस बाजारपेठांत गणले जाऊ लागले. बालाघाटातील कापूस गाड्यांतून घाट उतरून पायनघाटातील बाजारांकडे जाऊ लागला.

या बदलामागे स्पष्ट धोरण होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात त्याची उघड मांडणी केली. रेल्वे आल्यास विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. त्यामुळे कच्चा कापूस अधिक प्रमाणात निर्यातीस मिळेल आणि कताई-विणकामात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी उपलब्ध होईल, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वऱ्हाडातील कापूस व दुष्काळविषयक ग्रंथात या स्थित्यंतराची सविस्तर चिकित्सा केली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्या मजूरवर्गाची सर्वाधिक होरपळ झाली, त्यात हातचा जोडधंदा गमावलेली कुटुंबेही होती.

अशा रीतीने कताईच्या कामातून स्त्री मोकळी झाली, परंतु मोकळा झालेला वेळ तिच्या वाट्याला आला नाही. तो निंदणी आणि वेचणीच्या मजुरीत गेला. हातातील काम जाणे आणि हाताला विश्रांती मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वऱ्हाडच्या इतिहासातून स्पष्ट होते.

कताईचे व्रत

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महात्मा गांधींनी चरख्याचा शोध सुरू केला, तेव्हा तो अनेक भागांत अडगळीत गेला होता. गंगाबेन मजमुदार यांना बडोदा संस्थानातील विजापूर येथे चरखे आढळले आणि तेथून कताईच्या पुनरुज्जीवनास आरंभ झाला. जून १९२४ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने आपल्या संघटनांच्या सदस्यांनी रोज किमान अर्धा तास सूत कातावे व दरमहा किमान २,००० यार्ड सूत द्यावे, असा ठराव केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बेळगाव येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात सूत हीच काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी ठरविण्यात आली. महिन्याला २,००० यार्ड म्हणजे रोज सरासरी ६७ यार्ड होतात.

या ठरावातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. आजारपण किंवा अनिच्छा असल्यास सभासदाला दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत देण्याची मुभा होती. व्रताच्या नियमात अनिच्छेला जागा ठेवावी लागली, यावरून सक्तीची कताई अनेकांच्या पचनी पडत नसल्याचे दिसते. १९२५ मध्ये पाटणा येथे सुताऐवजी चार आणे वर्गणीचा पर्याय खुला करण्यात आला आणि कताईच्या कार्यासाठी अखिल भारत चरखा संघाची स्वतंत्र स्थापना झाली.

याच वर्षी रवींद्रनाथ टागोरांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकातून चरख्याच्या आग्रहावर टीका केली. सर्वांनी एकच यांत्रिक क्रिया पुन्हा पुन्हा करीत राहिल्याने मन जड होते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून त्याला उत्तर दिले. मनुष्याने आपले सर्व व्यवसाय सोडून केवळ कातावे असे आपण म्हणत नसून दिवसातील थोडा वेळ त्यासाठी द्यावा, एवढेच आपले म्हणणे आहे, अशी त्यांची भूमिका होती. या वादात दोघेही एका क्रियेविषयी बोलत होते. परंतु टागोरांच्या डोळ्यांसमोर लादलेली पुनरावृत्ती होती, तर गांधीजींच्या डोळ्यांसमोर स्वीकारलेला नियम होता.

कताईतून उपजीविका आणि कताईतून समाधान या दोन हेतूंमधील अंतर १९२९ च्या एका घोषणेवरून मोजता येते. सुधारित चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. स्त्रीला फार श्रम न होता सलग आठ तास चालविता यावे, त्यावर आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघावे आणि त्याची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, या त्यातील प्रमुख अटी होत्या. म्हणजे काँग्रेसच्या सभासदाकडून महिनाभरात अपेक्षित असलेले सूत या यंत्रावर तासाभरात निघावयाचे होते. सर्व अटींना उतरणारे यंत्र मिळाले नाही व पारितोषिक कोणास दिले गेले नाही. विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळील नालवाडी येथे कताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्याला मिळणारी मजुरी किती तोकडी आहे, हे त्यातून प्रत्यक्ष अनुभवास आले. १९३५ मध्ये चरखा संघाने जीवनवेतनाचे तत्त्व स्वीकारले, त्यामागे हीच जाणीव होती.

दुसरीकडे, स्वेच्छेने व आवडीने झालेल्या कताईचीही उदाहरणे आहेत. येरवड्याच्या कारागृहात गांधीजींनी घडी घालून पेटीत मावणारा चरखा विकसित केला. तो ‘येरवडा चरखा’ किंवा ‘पेटी चरखा’ या नावाने प्रसिद्ध आहे. मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिणाऱ्या आणि १९१८ मध्ये मुंबईत हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या अवंतिकाबाई गोखले स्वतः कातलेल्या सुताची धोतरे गांधीजींना भेट देत असत. एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून रोज थोडे थोडे कातलेल्या या सुतात व्रत आणि जिव्हाळा यांची सीमारेषा पुसट होते.

विरंगुळ्याकडे वाटचाल

हौसेच्या विणकामाचा प्रवाह चरख्याहून वेगळ्या वाटेने मराठी घरांत आला. शिवण-टिपण आणि गोधडी ही घरगुती कला जुनीच होती. मिशनच्या शाळा, कन्याशाळा आणि १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांतून शिवणकाम व भरतकाम यांना शिक्षणाचे रूप आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. अशा मासिकांमुळे मध्यमवर्गीय स्त्रीला वाचनाप्रमाणेच हस्तकलेचेही जग खुले झाले. लोकरीचे टोपडे, स्वेटर, क्रोशाचा रुमाल, दारावरचे तोरण या वस्तू खरेदी करणे अशक्य नव्हते. तरीही त्या हाताने केल्या गेल्या, कारण करण्यातच आनंद होता. वऱ्हाडसारख्या उष्ण प्रदेशात लोकरीची गरज हिवाळ्यापुरतीच. त्यामुळे येथे या कामातील हौसेचा भाग अधिक ठळकपणे दिसतो.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमच्या योजनेत कताईला मूलोद्योगाचे स्थान मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळातही महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शाळांत मुले टकळीवर सूत कातीत. टकळीला ना चाक लागते ना जागा. एक बारीक दांडी आणि खाली चकती एवढ्यावर काम भागते. मात्र सूत तपासून गुण देण्याची पद्धत आली, तेथे टकळी हा आणखी एक विषय झाला. दरम्यान अंबर चरख्याने कताईला उत्पादनाच्या दिशेने नेले आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या व्यवस्थेत तिचा हिशोब प्रामुख्याने रोजगार व उत्पादन यांत होऊ लागला. साधी टकळी व पेटी चरखा यांचे आर्थिक प्रयोजन उरले नाही आणि नेमक्या याच कारणाने ती साधने विरंगुळ्यासाठी मोकळी झाली.

या विरंगुळ्याच्या परिणामांचा अभ्यास अलीकडे झाला आहे. ब्रिटनमधील व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३,५४५ विणणाऱ्या व्यक्तींनी भाग घेतला होता. वारंवार विणकाम करणे आणि मन शांत व आनंदी वाटणे यांच्यात संबंध असल्याचे तीत आढळले. ही माहिती सहभागी व्यक्तींनी स्वतःच दिलेली असल्याने तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि, ज्या पुनरावृत्तीने मन जड होते असे टागोरांना वाटले, तीच पुनरावृत्ती स्वेच्छेची आणि आपल्या मर्जीच्या अवधीची असेल तर मनाला स्थिर करू शकते, असे मानण्यास तीमुळे आधार मिळतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, कताईतील शांतता केवळ चरख्यात किंवा धाग्यात नसून ती कातणाऱ्याच्या वेळेवर कोणाची सत्ता आहे यावर अवलंबून असते. घरच्या गरजेने वेळ ठरविला तेव्हा कताई काम होती. ठरावाने ठरविला तेव्हा व्रत होती. मजुरीने ठरविला तेव्हा ती आठ तासांचे कष्ट होती. केव्हा बसावे, केव्हा उठावे आणि कातलेल्या सुताचे काय करावे हे कातणाऱ्याच्या हाती आले, तेव्हाच ती विरंगुळा ठरली. जुन्या काळी ओसरीवर कातणाऱ्या स्त्रीला असे क्षण मिळालेच नसतील, असे मानण्याचे कारण नाही. परंतु सुताची नोंद यार्डांत झाली, त्या क्षणांची नोंद कोणी ठेवली नाही.

या दृष्टीने सुलतानपूरसारख्या गावाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कापूस शिवारात असूनही त्याचा धागा गावात निघत नाही. तो गाठींच्या रूपाने बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. दिवसभर वेचणी करणाऱ्या स्त्रीचे हात कापसातच असतात, पण तो कापूस तिचा नसतो आणि तो वेळही तिचा नसतो. हस्तकलेचा छंद शहरी व सुस्थित वर्गापुरता राहू नये असे वाटत असेल, तर मजुरीचा दर आणि कामाचे तास यांचा विचार त्याच्याआधी करावा लागेल. त्याच्या जोडीला ग्रामीण शाळांनी आपल्याच शिवारातील मूठभर कापूस व एक टकळी मुलांच्या हाती द्यावी आणि त्या तासिकेला ना गुण ठेवावेत ना यार्डांचे उद्दिष्ट. आपल्या मातीतल्या बोंडाचा आपल्याच बोटांत धागा होताना पाहणे, हा वऱ्हाडच्या मुलांचा हक्काचा आनंद आहे.