ऐकणाऱ्याचे आसन

गोष्ट कशी सांगावी याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कथानक, स्वभावचित्रण, उत्कंठा यांची चर्चा टीकाकारांनी यथास्थित केली आहे. परंतु गोष्ट सांगणारा जितका जुना, तितकाच ती ऐकणाराही जुना आहे. त्याला कोठे बसवावयाचे, हे ठरविणे हाही कथनकलेचाच भाग होय. या आसनाचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

आरंभ महाभारतापासून करू. भारती युद्धाची हकीकत आपल्याला थेट मिळत नाही. नैमिषारण्यात सौती ती शौनकादी ऋषींना सांगतो. त्याने ती जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या मुखाने ऐकलेली असते. आणि त्याही आत संजय ती धृतराष्ट्राला सांगत असतो. येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. संजय रणांगणावरून परत येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. म्हणजे दहाव्या दिवसाचा शेवट प्रथम, आणि मग पहिल्या दिवसापासूनची हकीकत! आपण नित्य वाचतो ती गीतादेखील भीष्म पडल्यानंतरच सांगितली गेली आहे. काय झाले हे कळून चुकल्यावर ऐकणाऱ्याला एकच प्रश्न उरतो : हे असे का झाले? आणि ऐकणारा कोण, तर ज्याच्या पुत्रमोहातून हे सारे उद्भवले तोच राजा. ‘हे तुझ्याच अपराधाचे फळ आहे,’ असे संजय त्याला वारंवार सुनावतो. श्रोत्याच्या आसनावर व्यासांनी आरोपीला बसविले आहे.

आता एकदम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पुण्यास येऊ. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्र काढले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. संमतिवयाच्या विधेयकावरून घराघरांत वाद माजलेला तो काळ. या वादात शास्त्री बोलत होते, सुधारक बोलत होते, संपादक बोलत होते. जिच्याविषयी वाद चालला होता, ती मुलगी मात्र क्वचितच बोलत होती. हरिभाऊंनी सगळी कथा यमूच्याच तोंडी घातली. तिचे बालपण, तिचे लग्न, वैधव्य, सक्तीचे केशवपन हे सारे ती स्वतः सांगते. लेखक पुरुष, पण सांगणारी ‘मी’ यमू. ही केवळ लिहिण्याची हातोटी नव्हे. अंक हाती घेणारा वाचक बहुधा अशाच एका घरातला कर्ता पुरुष असे, आणि माजघरातला आवाज त्याला ओसरीवर बसून ऐकावा लागे. कादंबरीचे नावच त्याला विचारलेला प्रश्न आहे.

कादंबरीला ‘मी’ हा एक शब्द पुरतो. चित्रपटाची अडचण निराळी. पडद्यावर दिसते ते घडलेच, असे आपले डोळे धरून चालतात. 1950 साली हिचकॉकने ‘स्टेज फ्राइट’ या चित्रपटात एका पात्राने सांगितलेली खोटी हकीकत खऱ्यासारखी पडद्यावर दाखविली. प्रेक्षकांना ती फसवणूक वाटली, आणि पुढे त्यालाही तिचा पश्चात्ताप झाला. त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा कुरोसावाने हीच अडचण कामाला लावून ‘राशोमोन’ काढला.

त्याला आधार अकुतागावाच्या दोन कथांचा. त्यांपैकी 1922 सालच्या कथेत एका सामुराईच्या मृत्यूविषयी सात जबान्या आहेत. दरोडेखोर, सामुराईची पत्नी आणि माध्यमाच्या मुखाने बोलणारा मृत सामुराई, तिघेही मृत्यू आपल्याच हातून घडला असे सांगतात! चौकशी अधिकाऱ्याचे प्रश्न लेखक छापतच नाही. उत्तरांवरून ते ताडावयाचे. कुरोसावाने हे जसेच्या तसे उचलले. साक्षीदार अंगणात बसून समोर पाहत बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्याची जागा कोठे आहे? आपण बसलो आहोत तेथे! 1951 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

कुरोसावाने मूळ कथेत मोठी भर घातली ती लाकूडतोड्याची. चौकीत याने सारे सांगितले नव्हते. पुढे पावसात, पडक्या वेशीखाली, एक भिक्षू आणि एक वाटसरू यांच्यापुढे तो पाहिलेले बोलतो. आणि त्यालाही खंजीर चोरल्याचे लपवावयाचे असते. शेवटी वेशीत टाकून दिलेले मूल घरी नेण्यासाठी तो हात पुढे करतो. भिक्षू प्रथम मूल छातीशी घट्ट धरतो, मग त्याच्या स्वाधीन करतो. तोवर खरे काय हे ठरलेले नसते. विश्वास ठेवावा की नाही, एवढे मात्र ठरवावेच लागते.

धृतराष्ट्राने सारे ऐकले, पण तेव्हा भीष्म पडून गेले होते. यमूचे म्हणणे ज्यांनी वेळेवर ऐकावयास हवे होते, ते तिच्याच घरात होते. म्हणून, श्रोतेहो, पुढच्या वेळी गोष्ट वाचताना किंवा पाहताना आपल्याला कोणत्या आसनावर बसविले आहे, तेवढे पाहून घ्या. ते आसन नेहमीच प्रेक्षकाचे असते असे नाही.